सोळावर एक

पणजोबांचे लेथ चामडी पट्ट्यावर चालले, आजोबांचे गिअरवर, आणि वडिलांनी तीस वर्षे ग्राइंडरसमोर उभे राहून चष्म्याची काच जाड करून घेतली. चौथ्या पिढीत एकच मूल, तेही मुलगी. तिने मशीनवर जाण्याचा हट्ट धरला तेव्हा घरात कोणी हू की चू केले नाही. समोरचा हात मुलाचा की मुलीचा हे लोखंडाला कळत नाही, एवढी समज त्या घराला तीन पिढ्यांच्या कामाने आली होती. घरात सर्वांत लहान, म्हणून तिला सगळे धाकटीच म्हणत.

त्या घराची एक खोड होती. तिथे एक आकडा कोणी उच्चारत नसे. मुले मोजायला शिकत ती अशी: पंधरा, सोळा, सोळावर एक, अठरा. शाळेत पहिल्याच वर्षी धाकटीचे त्यावरून हसे झाले. ती रडत घरी आली, तेव्हा वडिलांनी कपाटातून पत्र्याची एक डबी काढली. तेलकट फडक्यात बोटभर लांबीचा पोलादी पंच होता आणि त्याच्या टोकाला उलटा कोरलेला सतराचा आकडा. पूर्वी प्रत्येक टर्नर आपण घडवलेल्या नगावर आपल्या क्रमांकाचा ठसा ठोकत असे, म्हणजे शाबासकी असो वा शिवी, ती बरोबर माणसापर्यंत पोहोचे. वडील म्हणाले, हा पणजोबांचा क्रमांक. वडीलधाऱ्यांना आपण नावाने हाक मारत नाही, तसेच हे. धाकटीला ते पटले, आणि पुढे त्याचा तिला अभिमानही वाटू लागला.

संगणकावर चालणाऱ्या सीएनसी लेथवर सहा महिन्यांची शिकाऊ जागा मिळाली, त्या दिवशी वडिलांनी तो पंच तिच्या हातावर ठेवला. आत्या समोरच बसली होती. वडिलांहून बारा वर्षांनी मोठी, आणि त्या घरात शेवटचा शब्द तिचा.

"डबीत राहू दे," आत्या म्हणाली. "मिरवायची वस्तू नाही ती."

एवढे बोलून ती उठून आत गेली. वडिलांनी खांदे उडवले आणि पंच डबीत ठेवला.

कारखाना जुन्या शेडमध्येच होता. मालक तीनदा बदलले होते, यंत्रे नवी होती, छत नवे होते. भिंती आणि फरशी मात्र पहिलीच. पाच महिने धाकटी दुसऱ्यांच्या पाठीमागे उभी राहून शिकली. जॉब चकमध्ये कसा पकडावा, टूल झिजले की ऑफसेटमध्ये किती आकडा द्यावा, कापताना आवाज बदलला तर काचेतून न पाहता काय ओळखावे. सहावा महिना परीक्षेचा होता. प्रत्येक शिकाऊ कामगाराला स्वतंत्र मशीन, रोज चाळीस बुश, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या धातूच्या पोकळ कड्या, आणि कामाचे सव्वीस दिवस. स्टोअरमधून चाळीस तुकडे मोजून मिळत. संध्याकाळी चाळीस नग मोजून द्यायचे. हिशेब जुळला तर कायमची नोकरी, नाही तर दाखला आणि निरोप. वडिलांचे डोळे आता ग्राइंडरच्या कामाचे राहिले नव्हते. घरी या नोकरीविषयी कोणी बोलत नसे, यावरूनच तिचे वजन कळत होते.

तिला मिळालेले मशीन तिसऱ्या खिडकीखाली होते. त्याच्या पायाजवळ फरशीतून चार जुने बोल्ट कापलेल्या अवस्थेत वर आलेले होते. पूर्वी कधी तिथे दुसरे मशीन उभे असावे. कागद पडला म्हणून ती वाकली, तेव्हा तिला ते दिसले.

पहिल्या दिवशी संध्याकाळी एकोणचाळीस नग भरले.

तपासणीच्या बाईने दोनदा मोजले. मशीनचा काउंटर चाळीस दाखवत होता. "पहिला दिवस आहे, होतं असं," बाई म्हणाली आणि धाकटीच्या कार्डावर एक कमी असे लिहिले.

दुसऱ्या दिवशीही तेच झाले. तिसऱ्या दिवशी धाकटीने प्रत्येक नगावर मार्करने क्रमांक टाकला आणि ट्रेच्या खाचांनाही क्रमांक दिले. संध्याकाळी एकच खाच रिकामी होती, आणि ती कितवी हे तिने मनात घरच्या पद्धतीने म्हटले. सोळावर एक.

खाचेच्या तळाशी तेलाचे गोल वर्तुळ होते. तिचे मशीन दुधासारखे पांढरे, पाण्यात कालवलेले कूलंट वापरत असे. हे तेल काळे होते, दाट होते, आणि त्याला जळक्या वातीसारखा वास येत होता.

धाकटी घाबरणाऱ्यांतली नव्हती. तिने शोध घेतला तो मापाच्या माणसाने घ्यावा तसा. नगामागे किती कीस निघतो ते तिने तोलून पाहिले. कीस चाळीस नगांचाच होता. म्हणजे नग कापला जात होता. तिने तो स्वतःच्या हाताने चकमधून काढला, पुसला, मायक्रोमीटर लावला, खाचेत ठेवला. पुढचा तुकडा पकडण्यापुरती ती वळली. परत पाहिले तर फक्त वर्तुळ. दुसऱ्या दिवशी ती वळलीच नाही, ट्रेकडे टक लावून उभी राहिली. चार मिनिटे मशीन रिकामे थांबले, फोरमन लांबून ओरडला, आणि तिने मान वर करून होकार दिला तेवढ्यात खाच रिकामी झाली. त्यानंतर एकदा तिने तो नग एप्रनच्या खिशात ठेवून खिशावर हात दाबून धरला. जेवणाच्या सुट्टीत खिसा उलटा केला. कापडावर काळे, गोल डाग होते. आत काही नव्हते.

शेजारच्या मशीनवर दुसरा शिकाऊ होता. सगळे त्याला प्रोफेसर म्हणत, कारण तो बोल्ट आवळण्याआधीही वहीत बघत असे. त्याने चेष्टा केली की बुश चोरून करणार काय, कानात घालणार का? मग त्याने धाकटीचा चेहरा पाहिला आणि आपल्या डब्यातले अर्धे तिच्यापुढे सरकवले.

अकराव्या दिवशी ती स्टोअरकीपरकडे गेली. तिथे फक्त दोन गोष्टी जपून ठेवलेल्या असत: जुनी रजिस्टरे आणि त्याचा राग. बोल्ट कुठल्या मशीनचे, एवढेच तिला विचारायचे होते. म्हातारा कुरकुरत शिडीवर चढला आणि कापडी पाठीचे एक रजिस्टर घेऊन उतरला. पहिल्याच पानावर शेडचा हाताने काढलेला नकाशा होता. तिसऱ्या खिडकीखाली एक चौकोन, आणि त्यात लिहिले होते: लेथ, कामगार क्रमांक सतरा.

तिचा ऊर भरून आला. पणजोबांच्याच जागेवर आपण उभे आहोत, असे तिला वाटले. त्यांचे नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे म्हणून तिने पाने उलटली.

पणजोबांचे नाव अठराव्या क्रमांकापुढे होते.

सतराव्या क्रमांकापुढे कोणा परक्या माणसाचे नाव होते, त्यावर आडवी रेघ होती, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले होते: सव्वीस बुश बाद. आतला व्यास मोठा. सर्व नगांवर याचाच ठसा. आपण केले नाही म्हणतो. कामावरून कमी.

त्या संध्याकाळी वडील घरी नव्हते. आत्या भाजी निवडत बसली होती. धाकटीने डबी तिच्यापुढे ठेवली आणि रजिस्टरात काय वाचले ते सांगितले. आत्याने भाजी बाजूला सारली. मग ती बोलली, आणि एकदा बोलू लागल्यावर काही राखून ठेवले नाही. पणजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा ती दहा वर्षांची होती. दिवसभर ते छताच्या कड्या मोजत. सोळापर्यंत येत, थांबत, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. पुढचा आकडा घरात कोणी उच्चारला तर भिंतीकडे तोंड फिरवत. म्हणून घरच्यांनी तो म्हणायचा सोडला. माणूस गेला, सवय राहिली, आणि पुढे कोणीतरी तिला आदर असे नाव दिले.

"शेजारच्या लेथवरचा होता तो," आत्या म्हणाली. "त्याचा पंच उचलून तुझ्या पणजोबांनी आपल्या चुकीवर ठोकला. परत द्यायचा राहिला, एवढंच शेवटी म्हणाले."

"तू कधी बोलली का नाहीस?"

"तुझ्या बापाला त्या डबीचा अभिमान होता. त्याच्याकडे दुसरं काय होतं, सांग?"

धाकटीने कार्ड काढले. अकरा दिवस, अकरा नग. आत्याला हिशेब सांगावा लागला नाही.

बाराव्या दिवशी फोरमनने तिला बोलावले. तो रूक्ष होता, पण अन्यायी नव्हता. तिच्या नगांची मापे त्याने पाहिली होती. इतका स्वच्छ हात चार वर्षांत आला नाही, असे तो जरा नाइलाजाने म्हणाला. मशीनमध्येच काही गोम असेल. तिला दुसरे मशीन देऊ, मोजणी आजपासून नव्याने धरू, मागचे कार्ड फाडून टाकू.

तिने विचारले, मग तिसऱ्या खिडकीखाली कोण?

"प्रोफेसरला बसवतो."

शेड नेहमीसारखी घरघरत होती. काचेपलीकडे प्रोफेसर वहीत बोट ठेवून ऑफसेट तपासत होता. त्याच्या घरी दोन धाकट्या बहिणी होत्या, आणि डबा तो अर्धाच खात असे, हे धाकटीला ठाऊक होते. उद्यापासून नग कमी भरतील ते त्याच्या कार्डावर.

"मी आहे तिथेच राहते, साहेब," ती म्हणाली. "कमी पडेल ते माझ्या नावावर लिहा."

"नोकरी जाईल तुझी."

"हो."

फोरमनने तिच्याकडे, मग कार्डाकडे पाहिले आणि कार्ड न फाडता परत दिले.

त्या दिवसापासून तपासणीच्या बाईला लिहावे लागले नाही. धाकटी स्वतःच लिही: एक नग कमी, जबाबदार मी. खाली पूर्ण सही. वडिलांना तिने सगळे सांगितले. ते उठून गेले, चष्मा पुसून परत आले, आणि त्यानंतर रोज संध्याकाळी कितवा झाला एवढेच विचारत. काळ्या वर्तुळाची तिला आता सवय झाली होती. तो नग ती इतरांपेक्षा जरा जास्त काळजीने पुसत असे.

सव्विसाव्या दिवशी ती डबी घेऊन आली.

सकाळचे ऊन तिसऱ्या खिडकीतून मशीनच्या काचेवर पडले होते. सोळा नग झाले. पुढचा तिने चकमधून काढला, पुसला, मापला. माप अचूक होते.

तिने तो खाचेत ठेवला. शेजारी पंच ठेवला.

"सतरा," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा. "तुमचा आहे."

मग तिने पाठ फिरवली, पुढचा तुकडा पकडला, दार लावले आणि बटण दाबले.

मशीन सुरू झाले. त्या आवाजाखालून दुसरा आवाज आला. हातोडीचा, पोलादावर. एक ठोका.

मग दुसरा.

तिने आजूबाजूला पाहिले. प्रोफेसर वहीत बघत होता. कोणाची मान वर झाली नव्हती.

ती मोजत राहिली. पंधरा. सोळा. सतरा. अठरा. ठोके घाईचे नव्हते. मनापासून काम करणाऱ्या माणसाचे होते.

सव्विसाव्यानंतर ते थांबले.

ती वळली. खाच रिकामी होती. पंच नव्हता. वर्तुळही नव्हते. धातू कोरडा आणि स्वच्छ होता.

संध्याकाळी तिने शेवटची सही केली आणि कार्ड फोरमनच्या टेबलावर ठेवले. त्याने ते सावकाश वाचले. एक हजार चौदा नग, त्यांत बाद एकही नाही. कमी सव्वीस, आणि त्यांतल्या पंधरांखाली तिच्याच हाताची कबुली. तो म्हणाला की चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालणारे त्याला आठवड्याला दोन भेटतात, त्यांच्यासाठी बाहेरचे दार उघडेच असते. मग त्याने तिच्या नावाचा कागद ओढला आणि कायम असा शिक्का मारला.

ती मशीन पुसायला परतली, तेव्हा मागच्या बाजूला दोन माणसे किसाची पेटी ओढत होती. पेटी जड झाली होती, चाके हलत नव्हती. त्यांनी वरचा कीस बाजूला केला आणि धाकटीला हाक मारली. हे भंगार इथे कोणी टाकले, असे ते विचारत होते.

चमकत्या किसाखाली बुश रचून ठेवलेले होते. जुने, गंजाने तांबडे झालेले, जाड भिंतीचे. असा माल आता कोणी करत नाही. प्रत्येकाचा आतला व्यास किंचित मोठा होता, हे तिच्या बोटाला मायक्रोमीटरशिवाय कळले. जिथे पूर्वीचा ठसा असावा तिथे कानशीने घासून सपाट केले होते, आणि त्याच्या शेजारी नवा ठसा होता. गंजलेल्या लोखंडात पणजोबांचा अठराचा आकडा चांदीसारखा चकाकत होता, त्याची कड बोटाला टोचत होती.

तिने ते एकेक करून फरशीवर, चार कापलेल्या बोल्टांच्या मध्ये मांडले. सव्वीस भरले. शेवटचा अजून गरम होता.