रिलीव्हर निघाला का?

खोटं वाटलं तर वाटू दे. मला कोणाला पटवायचं नाही. पण ही घडलेली गोष्ट आहे, आमच्याच घरातली, आणि यातली दोन माणसं अजून माझ्यासोबत एका छपराखाली राहतात.

एक आधीच सांगतो. ही रात्रीची गोष्ट नाही. अमावास्या नाही, पिंपळ नाही, कुत्रं रडलं नाही.

भर दुपार होती. डिसेंबर २००७. ठिकाण चेन्नईतलं जॉर्ज टाउन, जिथे त्या वेळेला हातगाडीलासुद्धा वाट मिळत नाही. तिथे एका बँकेच्या कचेरीत माझ्या आत्याला जे ऐकू आलं, ते तिनं मला एकदाच सांगितलं.

बँकेचं नाव लिहीत नाही. ती अजून चालू आहे, चांगली फोफावली आहे. बाजारात तिला ‘तीवु बँक’ म्हणत. तीवु म्हणजे बेट. पन्नास वर्षांपूर्वी उपसागरातल्या एका बेटावर, धक्क्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती सुरू झाली. एक लोखंडी पेटी, एक कारकून आणि नारळवाले गिऱ्हाईक. काढणारे नागोजी राव, तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. मग या बेटावरून त्या बेटावर अशी ती वाढत गेली, आणि शेवटी चेन्नईत मुख्य कचेरी झाली, कारण खोबऱ्याचे घाऊक व्यापारी सगळे इथलेच.

ती वाढली एका नियमावर.

शाखा एक दिवसही बेवारस ठेवायची नाही. बदलीवरचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, बेटावर उतरून ‘चार्ज घेतला’ असं तोंडानं म्हणत नाही, तोवर आधीच्या माणसानं जागा सोडायची नाही. वादळ येवो, घरात मयत होवो. बेटावर डॉक्टर नसे, बोट वेळेवर नसे, पण बँकेचा माणूस असेच. त्या भरवशावर लोकांनी पैसे ठेवले.

नियम करणारे मात्र चेन्नईत पंख्याखाली. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय?

माझी आत्या विद्युलता. तिचे यजमान हेरंबकाका या बँकेत अधिकारी होते. स्थळ आणलं होतं माझ्या बाबांनी. बाबा, म्हणजे उमाकांत, त्याच बँकेत चेन्नईला. नेमणुका, बदल्या, रजा हे सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. आपल्या एकुलत्या बहिणीचं भलं झालं म्हणून तेव्हा ते किती मिरवले होते, ते आई अजून सांगते.

२००३ मध्ये काकांची एका वर्षासाठी बदली झाली. अगदी दक्षिणेकडचं एक लहानसं बेट. बँकेत त्याला नुसतं ‘शेवटची शाखा’ म्हणत.

तिथे फोन असून नसल्यासारखा. रोज संध्याकाळी चेन्नईतून वायरलेसवर हाक जायची. सेटवर बहुतेक बाबाच बसायचे. शनिवारी आत्या तिथे जाऊन उभी राहायची, नवऱ्याचा आवाज ऐकायला.

वर्ष संपलं. काका रोज एकच विचारू लागले.

“रिलीव्हर निघाला का?”

आणि बाबा म्हणायचे, “निघतोय. पुढच्या बोटीनं.”

पुढची बोट आली. त्याच्या पुढचीही आली. कोणी उतरलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. काकांचा आवाज दर शनिवारी थोडा बारीक व्हायचा. आत्या बाबांना विचारायची, “दादा, कोण आहे तो मेला रिलीव्हर? त्याच्या घरी जाऊन पाया पडते मी.” बाबा म्हणायचे, “विदू, असतात एकेकाच्या अडचणी.”

मग तो रविवार उजाडला. २६ डिसेंबर २००४. त्या सकाळी समुद्रानं काय केलं ते चेन्नईत कोणाला सांगायला नको.

शेवटची शाखा जोत्यासकट गेली. काका सापडले नाहीत. काहीच सापडलं नाही.

बँकेनं काय करावं? काकांची रजा त्याच आठवड्यापासून मंजूर झालेली होती. रिलीव्हर आला की निघायचं, एवढ्यासाठी. बँकेनं म्हटलं, रजा सुरू झाली होती, म्हणजे ते कामावर नव्हते. कामावर असताना गेलेल्यांची नावं दगडावर कोरली, त्यात हेरंबकाका नाहीत. वर उपकार म्हणून आत्याला कारकुनाची नोकरी दिली. नवरा गिळलेल्या बँकेत नोकरी आणि भावाच्या घरात आसरा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तिचं मागणं एकच होतं. पैसा नको. एवढं म्हणा की तो माणूस जागेवर होता. तुमच्या नियमासाठी थांबला होता.

नागोजी राव त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणायचे, “बाई, ते पुसू नका. सेरी, बरं का? झालं ते झालं.” बाबा म्हणायचे, “विदू, कशाला उकरतेस?”

तीन वर्षं अशी गेली. आत्यानं मंगळसूत्र काढलं नाही. माणूस परत आला नाही, आणि गेला असंही कोणी म्हणेना.

२००७ साली बँकेला पन्नास वर्षं झाली. कचेरीच्या वरच्या मजल्यावर बँकेच्या इतिहासाचं प्रदर्शन लावायचं ठरलं. सगळी जबाबदारी बाबांवर, आणि फलक लावायचं काम आत्याकडे. पत्र्याच्या शेडपासून संगणकापर्यंत एकेक फलक भिंतीवर चढला. २००४ चा फलक तिच्या हातात आला तेव्हा ती वाचत खालीच बसली.

‘शेवटच्या शाखेची इमारत नष्ट झाली. सुदैवानं शाखाधिकारी रजेवर असल्यामुळे बँकेची मनुष्यहानी टळली.’

सुदैवानं...

मजकूर बाबांचा होता.

तिनं तो फलक लावला. सरळ आहे ना ते बघून लावला. नोकरी होती.

फलकाखाली टेबलावर तो जुना वायरलेस सेट मांडला होता. माळ्यावरून काढलेला. वायर तुटलेली, बॅटरी नाही, आतले भाग कोणीतरी कधीच काढून नेलेले. नुसतं खोकं.

दुपार झाली. सगळे जेवायला खाली गेले. आत्याला भूक नव्हती.

पहिल्यांदा आवाज थांबले.

खालच्या गल्लीतले हमाल, हॉर्न, देवळाची घंटा... सगळं एकदम बंद. कोणीतरी खिडक्या लावाव्यात तसं. खिडक्या तर सताड उघड्या होत्या. तिनं वाकून पाहिलं. खाली हमालांची तोंडं हलत होती.

मग वास आला. कुजलेल्या काथ्याचा, खाऱ्या पाण्याचा.

आणि मग... सेट खरखरला.

ती जागची हलली नाही. खरखर वाढली, कमी झाली. तिच्या आत, खूप लांबून, कोणीतरी श्वास घेत होतं.

“चेन्नई... चेन्नई...”

तीन वर्षांनी तो आवाज तिनं ऐकला. थकलेला. पण चिडका नाही. काका कधी चिडायचेच नाहीत.

“रिलीव्हर निघाला का?”

आत्या जिन्याकडे धावली. पायऱ्यांवर पाऊल टाकलं आणि गल्लीचा गोंगाट परत कानात भरला.

ती थेट बाबांच्या टेबलाशी गेली. “दादा, वरचा सेट बोलला. यांचा आवाज होता.”

बाबांनी हातातला डबा खाली ठेवला. कोणीही समजूतदार भाऊ म्हणाला असता की तुला भास झाला, घरी जा, झोप. बाबा तसं काही म्हणाले नाहीत.

ते म्हणाले, “माझं नाव घेतलं का त्यानं?”

बोलून गेले आणि पुन्हा डब्यात बघायला लागले. पण आत्यानं ते ऐकलं होतं.

ती नागोजी रावांकडे गेली. म्हातारा रोज काउंटरजवळ खुर्ची टाकून बसायचा. तिनं सरळ विचारलं, “तेव्हा रिलीव्हर कोण नेमला होता?”

त्यांना नवल वाटलं. “म्हणजे? तुम्हाला ठाऊक नाही? तुमचे बंधूच की. ऑर्डर निघाली होती. त्यांनी पुढे ढकलून मागितली. लेकराचं बारावीचं वर्ष, म्हणाले. आम्ही म्हटलं, घरचाच मामला, मेव्हणा काही राग धरायचा नाही.”

ते लेकरू मी.

त्या संध्याकाळी घरी आत्यानं नेहमीसारखा सगळ्यांना चहा दिला. बाबांनाही. मी त्या खोलीत होतो. मला काही वेगळं दिसलं नाही, आणि याचंच मला आज जास्त भय वाटतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती वर गेली. दार लावून घेतलं. सेटसमोर खुर्ची ओढून बसली.

गल्ली गप्प झाली...

वास आला...

“चेन्नई... चेन्नई... रिलीव्हर निघाला का?”

तिनं आधी खरं सांगितलं. “अहो, कोणी येणार नाही. शाखा राहिली नाही. तुम्ही निघून या.”

खरखर. बराच वेळ नुसती खरखर.

“चार्ज दिल्याशिवाय कसं येऊ, विद्या?”

विद्या. त्या नावानं तिला एकटे तेच हाक मारायचे. ती रडली. मग तिनं वर पाहिलं. समोर फलक होता आणि त्यावर ‘सुदैवानं’ होतं. तिथून पुढे रडू आलं नाही, असं तिनं मला सांगितलं.

तिनं तोंड सेटजवळ नेलं.

“निघाला,” ती म्हणाली. “उमाकांतदादा निघालाय.”

“नक्की?”

“नक्की. आजच.”

लांबून एक सुस्कारा आला.

“मग सामान बांधतो.”

सेट बंद झाला. गल्लीतला गोंगाट परत आला. टेबलावर सेटभोवती पाण्याचं ओलं वर्तुळ पडलं होतं. तिनं ते पदरानं पुसलं.

खाली बाबा टेबलाशी काम करत होते. दुपारच्या चहानंतर ते उठले. पेनाला टोपण लावलं. बॅग घेतली. दारावरचा रखवालदार रंगा आम्हाला नंतर म्हणाला, “सार हसत होते. मी विचारलं, एन्न सार, इतक्या लवकर घरी? तर म्हणाले, ट्रान्स्फर आलीय रंगा, चार्ज घ्यायला चाललोय.”

ते बंदराच्या दिशेनं चालत गेले. त्या दिवशी बेटांकडे एक जहाज सुटलं होतं. प्रवाशांत त्यांचं नाव नव्हतं. बंदराच्या फाटकावर कोणी त्यांना पाहिलं नाही.

आजपर्यंत कोणीच पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी पेरांबूरला, आमच्या घरी, आत्यानं बादलीभर पाणी तापवून न्हाणीघरात ठेवलं. आईला वाटलं, स्वतःसाठी. पण आत्या बाहेर येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली.

थोड्या वेळानं न्हाणीघराचं दार आतून लागलं...

तांब्या वाजला. पाणी पडू लागलं. सावकाश, एकेक तांब्या. कोणीतरी फार दिवसांचं अंग धूत असावं तसं. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

आईनं पोळ्या लाटता लाटता विचारलं, “हे आले वाटतं? चप्पल कशी वाजली नाही?”



आईनं बाबांचं ताट वाढलं. पाणी थांबलं. आईनं दार ठोठावलं, मग ढकललं. दार उघडंच होतं. आत कोणी नव्हतं. आरसा वाफेनं भरला होता आणि मोरीच्या जाळीवर मूठभर पांढरी वाळू साठली होती. चेन्नईच्या किनाऱ्यावर अशी वाळू नाही.

आत्यानं ती वाळू गोळा केली. दुसऱ्या दिवशी मंगळसूत्र काढून ठेवलं. ती खूप शांत झाली होती. आई तेव्हा पोलीस चौकीत बसली होती.

प्रदर्शन ठरल्याप्रमाणे झालं. बँकेचा इतिहास बाबा वाचून दाखवणार होते, तो दुसऱ्याच कोणीतरी वाचला. फलक बदलला नाही. बाबांच्या नावापुढे बँकेनं शेरा मारला, विनापरवानगी गैरहजर.

आता आई वाट बघते. दाराशी काही वाजलं की आधी ती उठते. तिला आधार देते आत्या. दोघी एकत्र भाजी निवडतात, एकत्र देवळात जातात. आई म्हणते, “विदूताई होत्या म्हणून मी उभी राहिले.” मी ऐकून घेतो. आईला सांगितलं तर तिचं तेवढंही माणूस जाईल. नाही सांगितलं तर रोज हे बघायचं.

यंदा, २००९ मध्ये, बँकेनं शेवटची शाखा पुन्हा उघडायची ठरवलं. वाढतेय बँक. नागोजी रावांनी मला बोलावून घेतलं. नोकरी देतो म्हणाले, पहिलं पोस्टिंग तिथलं. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात मला मिळतो त्याच्या दीडपट पगार. आई मागे लागली आहे, “बाबांच्या बँकेत जा रे. तिकडे गेलास तर त्यांचं काही कळेल तरी.”

एकदा आई घरात नसताना मी आत्याला विचारलं. “मी तिथे उतरलो, चार्ज घेतला म्हणालो, तर बाबा सुटतील का?”

ती तांदूळ निवडत होती. थांबली नाही.

“सुटतील,” म्हणाली.

मग एक खडा बाजूला काढत म्हणाली, “पण तुझ्या जागी कोण जाईल, अनय?”

याला सहा महिने झाले. मी बँकेला नाही म्हटलेलं नाही. हो पण म्हटलेलं नाही. राव विचारतात तेव्हा मी माझ्या अडचणी सांगतो, आणि ते मान डोलावतात.