सरळ केलेला सुरा

पस्तिशीचा घोडा झाला, घरातलं लोखंड वाकवतो, आणि लोहारणीचा मुलगा त्या आठवड्यात डाव्या हाताने जेवायला लागला. निम्मं तोंडात, निम्मं मांडीवर. तिने सुनेसमोरच त्याची लाज काढली.

तो मांडीवरची शितं वेचत राहिला.

ही गोष्ट खरी आहे. न पटणाऱ्याने जेवणाच्या वेळी त्यांच्या घरी जावं आणि हात बघून यावेत.

त्या साली पुरातत्त्व खात्याच्या एका मॅडमनी गावाबाहेरचं जुनं टेकाड खणायला घेतलं होतं. लोहारीण तिथे मातीची घमेली वाहायची. एका सकाळी तिच्या घमेल्यात मातीबरोबर आला...

एक सुरा.

काशाचा. दुमडून टोक मुठीला टेकलेलं. सापडेल ते मॅडमच्या टेबलावर ठेवायचं, असं पहिल्याच दिवशी बजावलेलं. तिने तो जेवणाच्या डब्यात घातला. एवढं देखणं पातं आणि वाकडं? तिच्या सासऱ्याच्या भट्टीतून वाकडं काही बाहेर गेलं नव्हतं.

मुलाने सुरा उलटसुलट करून पाहिला. "आई, कुणाचा आहे हा?"

"तुला काय करायचंय? सरळ कर."

त्याने तापवला, ठोकला, सरळ केला. दोन दिवस ती त्या सुऱ्याने भाजी चिरत होती. शेजारणीला दाखवूनही झालं.

तिसऱ्या दिवशी टेकाडात माणूस सापडला. नुसती हाडं. मॅडमनी सगळ्या बायकांना बोलावून समजावलं. हा लढवय्या. असा माणूस गेला की त्याचे साथीदार त्याचं हत्यारही मारायचे. प्रत्येकाने एकेक घाव घालून ते दुमडायचं आणि त्याच्या हातात द्यायचं. लढाई संपली, आता झोप, असं त्याला कळावं म्हणून.

याच्या हातात मात्र काहीच नाही, मॅडम म्हणाल्या. नवलच आहे.

लोहारणीने वाकून पाहिलं. उजव्या हाताची बोटं...

कशाभोवती तरी मिटलेली होती. आत नुसती पोकळी.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण वीस बायकांसमोर चोर कोण म्हणवून घेणार? तिने घमेलं उचललं.

दुपारी घरी मुलगा समोर जेवत होता. सून वाढत होती. आणि कुलूप लावलेल्या भट्टीतून...

दगडावर पातं घासल्याचा आवाज आला. सावकाश.

तिघांनीही ऐकला. कुणी उठलं नाही.

नंतर पाहिलं, तर सुरा चुलीपाशी नव्हता. भट्टीत धार लावायच्या दगडावर पडला होता. धार अशी, की नुसतं बघून बोट मागे घ्यावं.

दुसऱ्या सकाळी मुलाची उजवी मूठ उघडेना. डॉक्टर म्हणाले, शीर आखडली. सुनेने शेकलं, चोळलं. बोटं तशीच. मुठीशिवाय लोहार कसला? भट्टी थंड पडली.

ती बोटं लोहारणीने ओळखली होती. तरी आठ दिवस ती त्याच्यावरच तोंड सोडत राहिली. तो खाली मान घालून ऐकायचा. त्याचं ते ऐकून घेणंच शेवटी तिला सोसेना.

नवव्या दिवशी तिने स्वतः भट्टी पेटवली. सुरा तापवला आणि हातोड्याने दुमडला. शेवटच्या घावाला मागे कुणीतरी...

सुस्कारा टाकला.

भट्टीत ती एकटीच होती.

तशीच टेकाडावर गेली. सगळ्या बायकांसमोर सुरा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, मी चोरला. मॅडम नाही नाही ते बोलल्या. काम गेलं. सुरा हाडांच्या पेटीत गेलेला डोळ्यांनी पाहिल्यावरच ती हलली.

घरी आली तर मुलगा उजव्या हाताने पाणी पीत होता.

तिने त्याला स्वतः जेवायला वाढलं. वाढून झालं, आणि पळी...

तिच्या हातातून सुटेना.

सुनेने एकेक बोट उचकटून ती काढली. बोटं पुन्हा मिटली. ती आजवर मिटलेलीच आहेत. भट्टीतून आवाज येत नाही. तरी ती दुपारी तिकडेच कान लावून बसते.

परवा डाव्या हाताने वाढताना आमटी मुलाच्या मांडीवर सांडली. तो हसला. "मला नावं ठेवायचीस ना, आई?"

तिने पळी खाली ठेवली.

"तू विचारलं होतंस, कुणाचा आहे म्हणून. मी तुला गप्प केलं. हात माझाच जायला हवा होता, तो गेला. जेव आता."