सुकीकाठचं भरीत

पालच्या जंगलात, सुकी नदीच्या वळणावर, अभिमन समोर आला आणि त्याने मला चक्क नमस्कार केला. जणू मी त्याच्या बँकेत पासबुक भरायला आलेली कुणी बाई होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तीन महिन्यांपूर्वी याच माणसाशी माझं जमलेलं लग्न मोडलं होतं. एरंडोलला आमच्याच ओसरीत बैठक बसली होती, सप्टेंबर एकोणनव्वदमध्ये. त्याचे काका, नाना, म्हणाले की सून शाळेत शिकवायला जाणार नाही. त्यांच्या धरणगावहून एरंडोलची माझी शाळा एसटीने किती लांब, म्हणे! आणि ‘तुमची नोकरी मला आवडते’ असं मला स्वतःहून सांगणारा अभिमन सतरंजीकडे बघत बसला. मी चहाचा ट्रे खाली ठेवला, सगळ्यांदेखत नाही म्हटलं आणि आत निघून गेले.

आता लोटनमामाची कमाल ऐका. मामा सावद्याचे, सोयरीक त्यांनीच जमवलेली. दर हिवाळ्यात ते या नदीकाठी भरीत-पुरीचा बेत करतात. यंदाचं आमंत्रण त्यांनी बैठकीच्या आधीच दोन्ही घरांना देऊन टाकलं होतं. लग्न मोडलं तरी भरताला बोलावलेल्या माणसांना येऊ नका कसं म्हणायचं, म्हणून मामा गप्प राहिले. दोन्ही घरं एकाच वेळी ट्रॅक्स जीपांतून उतरली. मी कुणाशी न बोलता नदीकाठच्या पायवाटेला लागले, तर वळणावर हा समोर हजर.

“रागावलात अजून?” त्याने विचारलं.

“नाही. सागाची पानं मोजायला आलेय.”

तो हसला. ते हसू मला आवडायचं, म्हणून मी आणखीच चिडले. दगडांवरून थंड पाणी खळखळत होतं. मी चप्पल हातात घेऊन पाण्यात उतरले, तसा तोही बूट भिजवत आला.

“बूट काढायचे तरी...”

“काढेपर्यंत तुम्ही निघून गेला असता.”

मी दुसरीकडे बघितलं. मग त्याने सांगितलं की आमच्याकडे मोठ्यांपुढे मुलगा तोंड उघडत नाही, नवरदेव तर नाहीच. त्या दिवसापासून झोप उडालीय, चूक झाली, माफ करा. चांगलं सांगितलं. मला ते पटलंही, खोटं कशाला बोलू? पण किती सोयीचं होतं ते. ऐकायला मी आणि नदी.

“मला माफीबिफी नको,” मी म्हटलं. “गप्प बसलात सगळ्यांसमोर. बोलायचं तर तिथेच बोला. नाहीतर पुन्हा माझ्या वाटेला येऊ नका.”

“तिथे... आत्ता?”

“घाबरलात?”

“हो,” तो म्हणाला. आणि तरी वळला.

कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजून झाली होती. पुरुषमंडळी ती ठेचत होती, हवेत धूर आणि लसणाचा वास होता. दोन्ही घरं एकमेकांकडे पाठ करून बसली होती. अभिमन भिजल्या बुटांनी तसाच नानांपुढे जाऊन उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

“नाना, ती नोकरी सोडाव नही. आनि मी तिनाशीच लगीन करसु.”

ठेचण्याचा आवाज थांबला.

“इतला दिन कोठे व्हती तुनी जीभ?” नानांनी विचारलं.

“चुकनू,” तो म्हणाला. पण जागचा हलला नाही.

नानांनी जाळात एक काडी सरकवली. मग माझ्या वडिलांकडे वळून म्हणाले, पोरगा असं म्हणतो, तुमचं काय म्हणणं? आबांनी घसा खाकरला. पुन्हा तेच! माझ्या लग्नाचं पुन्हा दुसरंच कुणीतरी बोलणार होतं. माझं डोकं फिरलं.

“नाना, मला विचारा,” मी म्हटलं.

आईने माझा पदर ओढला. नानांनी मान वर केली. बैठकीत त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं, आता नीट पाहिलं.

“बरं बेटा. तुले इचारस.”

मी अभिमनकडे बघत उत्तर दिलं.

“मला यांचा अजून खूप राग आहे. तो मी यांच्या घरी नांदायला येऊन काढीन.”