वर कोण थापतंय?

माझा जावई रेकॉर्डला हात लावण्याआधी साबणानं हात धुतो, अगदी मनगटापर्यंत. आणि जेवून उठला की तेच हात माझ्या भाकरीच्या फडक्याला पुसतो. शेंगाचटणीचं तेल, दह्याचा ओघळ, सगळं त्या पांढऱ्या फडक्यावर. ते फडकं गिऱ्हाइकाच्या भाकरीवर झाकायचं असतं. कितीदा सांगितलं, तर म्हणतो, "डाग काय मामी, जातो की." जातो, कारण माझी लेक घासते.

दुसरा कुणी असता तर चुलीतलं लाकूड दाखवलं असतं. पण जावई पडला. "नंदीशराव, तुमी" म्हणायचं आणि किळस गिळायची.

आमचं घर बाळीवेशीत. मागं पत्र्याची शेड, शेडमध्ये तीन चुली. कडक भाकरीचा धंदा माझा. दुसरी शिकलेल्या बाईनं उभा केलेला, आणि आज पुण्याला पार्सल जातं. शाळू मंगळवेढ्याचा, दुसरा मी दारात येऊ देत नाही. एका चुलीवर मी, एकीवर नागूबाई. ती इतकी जुनी आहे की तिला कामवाली म्हटलेलं मलाच खपत नाही. तिसरीवर माझी एकुलती लेक, अंकिता.

थापणारीचा हात नुसता ऐकून ओळखता येतो, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. नागूबाईचा हात रागीट, कुणाच्या तरी गालावर मारल्यासारखा. अंकिताची डाव्या हाताची करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झाली. त्यामुळं तिच्या दोन थापा भरीव पडतात, तिसरी पोकळ, आणि मग बांगडी परातीला टेकते. थप, थप, थुब, टिक. हा हात मी जत्रेतसुद्धा ओळखेन.

नंदीश विम्याच्या कचेरीत आहे आणि आमच्याच माडीवर राहतो. रविवारी मोबाईल समोर ठेवून जुन्या रेकॉर्डींवर बोलतो. लोक ऐकतात म्हणे. यंदा त्यानं सहासष्ट साल धरलं होतं. "संगीताचं सोन्याचं साल," म्हणायचा. ही घ्या, ती सोडू नका, हिच्यावाचून तुमचं कपाट रिकामं. खाली चुलीपाशी सगळं ऐकू यायचं. लखनौकडच्या कव्वालांची एक होती, ती चांगली. खोटं कशाला बोलू, तिच्यापायी माझी भाकरी करपली. पारशी बाईच्या पियानोची म्हणजे भांडी विसळल्यासारखी, पण स्वच्छ. गोव्याच्या बँडची मात्र ज्यानं घर पत्र्याचं बांधलंय त्यानं वादळात फुकट ऐकावी.

सोन्याचं साल! त्या साली मी परकर नेसून रेशनच्या रांगेत उभी होते. लाल मिलो मिळायचा, अमेरिकेची जनावरांच्या चाऱ्यातली ज्वारी. भाकरी विटेच्या रंगाची, वास ओल्या पोत्याचा, थापली की फाटायची. रडत खायचो. हे मी त्याला एकदा सांगितलं.

"मामी, मी गाण्याचं बोलतोय."

"आणि मी पोटाचं बोलतीय, नंदीशराव."

मग त्यानं मंगळवार बाजारातून ती एक आणली. भंगारवाल्या शिवप्पाकडं जुन्या कुकरच्या ढिगाखाली सापडली म्हणाला. कव्हर नाही. मधल्या लाल कागदावर कुणाचं नाव नाही, नुसतं साल.

दुपारी ती पहिल्यांदा वाजली. बाईचा आवाज होता. मला कानडी वाटलं, नागूबाईला तेलुगू वाटलं, शब्द मात्र दोघींनाही एक कळेना. आणि गाण्यामागं तबला नाही, पेटी नाही.

नागूबाईनं हात थांबवला. "अगं अंकी, वर कोण थापतंय?"

अंकिता आमच्यासमोर बसून पीठ चाळत होती.

थप, थप, थुब, टिक.

मी भुताखेताची बाई नाही. पत्र्याखाली आवाज फिरतो, इकडचा तिकडं वाटतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी तिघींचे हात थांबवले. चाळण खाली ठेवायला लावली. वरचं थापणं चालूच राहिलं.

"कदीची म्हणालात ही?" मी जिन्यातून ओरडून विचारलं.

"सहासष्टची!" वरून आवाज आला. "लई भारी हाय, मामी! हीच पहिल्या नंबरला घेणार!"

अंकिता त्यानंतर पुष्कळ वर्षांनी जन्मली.

त्या दिवसापासून तो कचेरीतून आला की बूट काढायच्या आधी तीच लावायचा. आणि इकडं अंकिताच्या हातातली टिक गेली. मला वाटलं, बांगडी फुटली असेल. बांगडी होती. परातीला टेकतही होती. आवाज होत नव्हता. मग पोकळ थाप गेली. राहिलेल्या दोन अशा पडायच्या की उशीवर हात ठेवल्यासारखं. तिच्या परातीतल्या पिठाला वास यायला लागला. एकाच पोत्यातलं पीठ, माझं पांढरं, नागूबाईचं पांढरं, आणि तिचा उंडा कडेला लालसर.

रेशनच्या दुकानात मशीननं तिचा अंगठा घेतला नाही. दुकानदार म्हणाला, भाकरीवाल्या बायकांचं असंच असतं, रेघा झिजतात. मला पटलं. माझाही अंगठा दोनदा दाबावा लागतो. पण घरी आल्यावर मी तिचा हात उजेडात धरला. दहाही बोटं सोललेल्या उकडल्या अंड्यासारखी. गुळगुळीत, ओलसर. तळहातावर एक रेघ नाही. पोटच्या लेकीचा हात होता आणि मला तो झटकून टाकावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी नंदीश कचेरीत गेल्यावर मी माडीवर गेले.

रेकॉर्डच्या रेघा गोल असतात, एवढं मलाही कळतं. हिच्या नव्हत्या. खिडकीपाशी धरली तर रेघा भोवऱ्यासारख्या वळल्या होत्या, एका अंगाला दाटलेल्या, मशीनवर दाबलेल्या अंगठ्यासारख्या. बोट लावलं, कोमट लागली. दाबलं, दबली. सुईच्या टोकाला लाल लगदा चिकटला होता. मी तो नखावर घेऊन हुंगला. ओल्या पोत्याचा वास. मिलो.

फोडायला म्हणून दोन्ही हातांनी धरली, तर अंकिता दारात उभी.

"आई, ठेव ती."

"हात बघ की गं तुझे!"

"बघितले." तिनं ते पदराखाली घेतले. "मी काही बोलले की ते मोबाईल बघतात. लग्न झाल्यापासनं असंच. आता तासतास बसत्यात, डोळे मिटून. माझाच हात हाय त्यो. मला कळत न्हाई व्हय? पहिल्यांदाच ऐकतायत माझं काहीतरी."

दुसरं काहीही म्हणाली असती तर मी ती फोडली असती.

संध्याकाळी तो ताक प्यायला खाली आला. मी सरळ विचारलं, "नंदीशराव, त्या गाण्यातला हात कुणाचा, वळखलात?"

"पहिल्याच दिवशी."

"मग?"

"मग काय, मामी? योगायोग म्हणा. पण काय आवाज पकडलाय! समोर बसून थापती त्यात ही मजा न्हाई. धूर, खोकला, मधीच तिचं बोलणं. तितं नुस्ता हात हाय." मिशीवरचं ताक त्यानं जिभेनं ओढून घेतलं. "रविवारी सगळी ऐकवणार हाय लोकांना. पहिल्यापासनं शेवटापर्यंत."

"ऐकवू नका. पोरगी विझत चाललीय माझी."

"तुमी तिला डॉक्टरला दाखवा की," म्हणाला. तिचा नवरा म्हणाला.

डॉक्टरला दाखवलं. त्यांनी मलम दिलं.

रविवारी भर दुपारी त्यानं सुरू केली. बाहेर उन्हानं पत्रा तडतडत होता. नागूबाईचा तवा सुरसुरत होता. अंकितानं उंडा घेतला, हात उचलला, खाली आणला.

काही नाही.

पुन्हा उचलला. पीठ पसरत होतं, भाकरी गोल होत होती, आणि परातीतून काही नाही. पिठावर तिच्या बोटाचा ठसासुद्धा उमटत नव्हता. वरचं थापणं मात्र इतकं जवळ आलं होतं, जणू कुणी जिन्यात बसून थापतंय.

तिनं माझ्याकडं बघितलं. ओठ हलले. "आई" म्हणाली असणार.

मी जिना चढले.

तो डोळे मिटून बसला होता. मोबाईलला सांगत होता, "ऐका. हा हात ऐका. सहासष्टमधली एकच घ्यायची असंल, तर ही घ्या."

मी सुई उचलली.

बाईचं गाणं थांबलं.

थापणं थांबलं नाही.

सुई माझ्या चिमटीत होती. तबकडी नुसती फिरत होती. थप, थप, थुब, टिक.

मग तबकडीतून कुणीतरी म्हणालं, "आई."

नंदीशनं डोळे उघडले. तोंडावर बोट ठेवलं. "शू," मला म्हणाला. "ऐकू द्या."

वरची तबकडी तशीच फिरत राहिली; लेकीचा आवाज आता तिच्यात होता, फोडू कशी? जेवायला तो खाली आला तेव्हा खुशीत होता. किती लोकांनी ऐकलं ते सांगत होता. अंकितानं त्याचं ताट वाढलं. स्टीलचं ताट तिच्या हातून निसटून फरशीवर पडलं. नागूबाईनं पदर तोंडात धरला, कारण ताट पडल्याचं आम्हाला नुसतं दिसलं.

त्यानं अंकितानं थापलेली कडक भाकरी घेतली आणि मोडली. तुकडे झाले, कण फरशीवर उडाले. आवाज नाही. त्यानं तुकडा तोंडात घातला. जबडा हलत होता, ओठाच्या कोपऱ्यातून चुरा गळत होता, दात भाकरीवर चालत होते, आणि शेडमध्ये काही ऐकू येत नव्हतं. त्याच्या लक्षातही आलं नाही. मान तिरकी करून, कान जिन्याकडं लावून तो चावत राहिला.

अंकिता त्याच्यापुढं गुडघे टेकून बसली होती. तोंड उघडत होतं, मिटत होतं. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. ती ओरडत होती.

"जरा सरक," तो तिला म्हणाला. "वरचं नीट ऐकू येईना."

मी त्याच्यासमोर जाऊन बसले. लग्न झाल्यापासून मी त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"नंद्या," मी म्हटलं, "तू माणूस न्हवंस. तू नुस्ता कान हाईस. आणि त्यो बी मळानं भरल्याला."