न सुटलेल्या साखळ्या

चौकशी समितीसमोर डॉ. जयवंती तांडेलने काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. प्रयोगशाळेच्या पडद्यावर सूक्ष्ममणी दिसू लागले, एकमेकांना चिकटून साखळ्या झालेले.

कारखान्याच्या सांडपाण्यातून वाळवंडीच्या खाडीत विषारी रसायन येतं, हा आरोप सिद्ध करायला तिने तिथे अशा वीस पट्ट्या सोडल्या होत्या. एकोणीस कारखान्याच्या रखवालदारांनी उचलून नेल्या. ही एकच तिच्या मावशीने माशांच्या पाटीत लपवून आणली. खाडीकाठच्या मुलांचे हातपाय थरथरू लागले होते. आणि तो आरोप सिद्ध झाला नाही, तर जयवंतीची नोकरी जाणार होती.

कारखाना चालवणाऱ्या कंपनीचे तज्ज्ञ म्हणून समोर डॉ. केळुसकर बसले होते. तिने पीएच.डी. त्यांच्याच हाताखाली केली होती.

"मणी एकत्र कशाने आले?" समितीच्या अध्यक्ष दमयंती राजवाडे यांनी विचारलं.

"पट्टीवर द्रवस्फटिकाचा थर आहे, त्यावर मी हे मणी सुटे पसरले होते," जयवंती म्हणाली. "त्याचे रेणू शिस्तीत एका दिशेने असतात. पृष्ठभागावर मणी बसला की त्याच्याभोवतीची शिस्त वाकते. दुसरा मणी जवळ आला तर ती आणखी वाकते, म्हणून थर दोघांना दूर ढकलतो. कारखान्याचं रसायन पृष्ठभागावर बसलं की रेणूंची दिशा फिरते. मग तोच थर मण्यांना एकमेकांवर दाबतो."

"किंवा पट्टी उन्हात तापली," केळुसकर शांतपणे म्हणाले. "छत्तीस अंशांना द्रवस्फटिक वितळतो, साधा द्रव होतो. दूर ढकलणारं बल संपतं, मणी वाहत जाऊन कुठेही जमतात. आत्ता तापवून बघा. या साखळ्या विस्कटतील."

"हा एकच पुरावा आहे," राजवाडे म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणू शकता."

"तापवा," जयवंती म्हणाली. "सर, मण्यांवर विद्युतभार असतो. ते काम मी तुमची प्रयोगशाळा सोडल्यावर केलं. नुसते वाहत आलेले मणी भारामुळे एकमेकांना शिवतच नाहीत. त्यांना भिडवायला जोर लागतो. पण एकदा भिडले, की धरून ठेवायला थराची गरज उरत नाही."

छत्तीस. सदतीस. थराची चकाकी गेली. सुटे मणी थरथरत पांगले. साखळ्या अखंडच राहिल्या.

"पुरे, बंद करा ते," कंपनीचे वकील उठून म्हणाले.

जयवंतीने यंत्रावरचा हात काढला नाही. "सरांना नीट बघू दे."

केळुसकर बराच वेळ भिंगातून पाहत राहिले.

"उन्हाने हे होत नाही," अखेर ते म्हणाले. "कंपनीकडच्या एकोणीस पट्ट्यांवरही साखळ्याच आहेत. त्या तापून बिघडल्या, असं मीच लिहून दिलं होतं. आता ही धरून वीसही पट्ट्या पुरावा आहेत."

वकील खाली बसले.

"सांडपाणी थांबवण्याचा आदेश आजच काढते," राजवाडे म्हणाल्या.

"किती वाजता?" जयवंतीने विचारलं. "सांडपाण्याच्या नळाच्या तोंडाशी उभं राहून मला ते थांबताना बघायचंय."