शितांनी चिकटवलेले कागद

ही गोष्ट माझ्या बहिणीच्या मुलाची, कुंदनची. सटाण्याचा साधा पोरगा. त्याने मला ती एकदाच सांगितली. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण मध्ये बोलू नका.

१९९८ साल. कुंदन नाशकात पॉलिटेक्निकला होता. गंगापूर रोडला मालिनीबाईंच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहायचा. खिडकीसमोरच रस्त्याचा दिवा. रात्रभर उजेड डोळ्यांवर. सोमवारी पेपर होता, झोप हवी होती. म्हणून रविवारी तो पडदा बघायला बाजारात गेला आणि भाव ऐकून तसाच परतला. खोली आठ महिन्यांपुरती, त्यात भिंतीला खिळा ठोकायचा नाही ही बाईंची अट. शेवटी काचांना जुनी वर्तमानपत्रं लावायची ठरवली. पण डिंक संपलेला.

त्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती. बाईंनी यजमानांसाठी गच्चीच्या कठड्यावर पानात भाताचा घास ठेवला होता. ते घशाच्या दुखण्याने गेले. शेवटी पाणीसुद्धा उतरत नव्हतं, तरी भात मागायचे. दोन वर्षं त्यांच्या घासाला कावळा शिवला नव्हता. त्या दिवशीही बाई दुपारभर उन्हात हात जोडून उभ्या राहिल्या आणि मुकाट्याने खाली गेल्या.

कुंदनला हे सगळं माहीत होतं. पण दिवस मावळला होता. आता कावळा कुठला यायचा, असं त्याला वाटलं. आपणही पाकिटं शितांनी चिकटवतोच की. त्याने तो भात उचलला, बोटांनी कुस्करला आणि काचांना आतून फासून कागद लावले. खोलीत छान अंधार झाला. हात धोतराच्या जुन्या फडक्याला पुसले आणि तो झोपला.

पावणेदोनला जाग आली ती वासाने. आंबलेला भात. आणि त्याच्याखाली दुसरा एक वास... खूप दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तो.

मग आवाज. चप्... चप्...

मांजर असेल.

पण आवाज खोलीतूनच येत होता.

एका कागदावर ओला पट्टा उमटला. खालून वर. जिभेएवढा रुंद. दिव्याच्या उजेडात कागद पारदर्शक दिसायला लागला. त्यावरून पिवळट लाळ ओघळली. कागद गळून पडला. उजेड आत आला.

खिडकीपुढे कोणीच नव्हतं.

चाटणं चालूच. मधेच घशात अडकल्यासारखी खाकर... मग पुन्हा घाईघाईने.

शेवटचा कागद पडला.

सगळं शांत.

मग तो वास खाटेजवळ आला. कुंदनचा उजवा हात खाटेबाहेर लोंबत होता. नखांत भात होता.

ऊन. मऊ. बुळबुळीत. एकेक बोट...

मी विचारलं, तू ओरडला कसा नाहीस? तो म्हणाला, "मामा, लय भूक होती त्यांना."

सकाळी मालिनीबाई वर आल्या. कठड्यावरचं रिकामं पान बघून तिथेच खाली बसल्या. रडत म्हणाल्या, "कुंदन, काल हे जेवले रे."

तो फक्त "हो काकू" म्हणाला.

आता तो सातपूरला कारखान्यात आहे. जेवतो डाव्या हाताने. उजव्या हाताची बोटं पांढरी, सुरकुतलेली, रात्रभर भिजत पडल्यासारखी. कितीही पुसली तरी थोड्या वेळाने ओली होतात. मी ती हातात घेऊन पाहिली आहेत.

पाणी नसतं ते. दोन बोटं एकमेकांपासून लांब केली, की तार धरतं.