परक्या स्वयंपाकघरात

होनोरातानं दार ढकललं आणि ती उंबरठ्यावरच थिजली. चुलीपाशी एक तरुण बाह्या दुमडून बटाटे सोलत बसला होता.

"हे घर... आम्हाला मिळालंय," ती कशीबशी म्हणाली.

"मलाही हेच मिळालंय." त्यानं मान वर केली. "बसा तरी. भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं."

तिला हसू आलं, आणि आपल्याला अजून हसता येतं याचाच तिला धक्का बसला. युद्ध संपलं, सीमा सरकली आणि तार्नोपोलजवळचं त्यांचं गाव बघता बघता दुसऱ्या देशात गेलं. ती, वडील आणि गाय मालगाडीच्या उघड्या डब्यातून इथं, जर्मनांकडून त्यांच्या देशाला मिळालेल्या गावात येऊन पडले होते.

तो तरुण, सेवेरिन, ल्वूव शहरातून तसाच आलेला, छापखान्यात काम केलेला, मागंपुढं कुणी नसलेला. वडिलांनी पुढची खोली त्याला देऊन वाद मिटवला. तो विहिरीवर तिच्या आधी पोहोचायचा, बादली भरून द्यायचा आणि उगाच रेंगाळायचा.

"गाईशी किती गोड बोलता," तो एकदा म्हणाला. "मला नुसतं हं आणि हूं."

"ती दूध देते."

तो इतका हसला की तिचे कान तापले...

माळ्यावरच्या खोलीत मात्र घराची जर्मन मालकीण अजून राहत होती. म्हातारी फक्त पाण्याला खाली यायची. होनोराता तिच्याकडे बघणं टाळायची.

एका पावसाळी सकाळी शिपाई उरलेल्या जर्मनांना गावातून काढायला आले. म्हातारीला लगेच निघायचं होतं. ती पेटी घेऊन उतरली, स्वयंपाकघरात आली, चुलीची अडकणारी झडप कशी ओढायची ते होनोराताला हातानं दाखवलं. मग तिनं टेबल पुसलं आणि फडकं नीट घडी करून ठेवलं.

गाव सोडताना होनोरातानंही टेबल पुसलं होतं. कुणासाठी, ते तिला सांगता आलं नसतं.

सेवेरिननं पेटी उचलली. रस्त्यावर कुणीतरी त्याला जर्मनांचा हमाल म्हणालं. तो स्टेशनपर्यंत गेला आणि चिंब भिजून परतला.

"गाडीत चढताना तिनं माझा हात धरला," तो म्हणाला. "होनोराता... मला एकट्यानं इथं राहवणार नाही. लग्न करशील माझ्याशी?"

पहिल्यांदाच त्यानं तिला एकेरीत हाक मारली होती.

"तिला घालवलेल्या या घरात? आत्ता?" ती म्हणाली. "मला लाज वाटतेय, सेवेरिन."

"मलाही."

खिडकीवर पाऊस वाजत होता. मग तिनं त्याचे गार हात आपल्या शालीखाली घेतले.

"ही लाज आपण दोघं मिळून वाहू," ती म्हणाली. "बाबा गोठ्यात आहेत. चल, सांगू त्यांना."